चेनवालीच्या दुकानाचे संवर्धन

दुसऱ्याच्या मुलाला धंद्यासाठी पैसे देण्यात जे समाधान आहे, ते स्वतःच्या मुलाला देण्यात नाही. स्वतःच्या मुलाने पैसे घालवले तर ते बुडाले असे म्हणतात. दुसऱ्याच्या मुलाने घालवले तर तो शिकला असे म्हणतात. एंजल इन्व्हेस्टर या संस्थेचा पाया हाच आहे आणि तो भक्कम आहे.

पूर्वीही ही सोय होती. फक्त तिला मामा म्हणत. भाच्याला सायकल दुरुस्तीचे दुकान काढायचे झाले की मामा कनवटीचे चार पैसे सोडी आणि पुढली वीस वर्षे दुकानाच्या फळीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की हे सगळे माझ्या जिवावर उभे आहे. परतावा म्हणून त्याला दोन वेळचा चहा आणि सायकलीत फुकट हवा मिळे. (मामीला हवाही मिळत नसे.) पण मामामध्ये काही गंभीर उणिवा होत्या. तो एकटा असे, त्याचे मंडळ नसे. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नसे. आणि दुकान चालले नाही तर त्याला वाईट वाटे. यांपैकी शेवटची उणीव हल्लीच्या व्यवस्थेत संपूर्णपणे दूर करण्यात आली आहे.

बॅगा-कपड्यांच्या चेन दुरुस्त करणारी चेनवाली ज्या शहरात राहते, तिथे हे काम एंजल मंडळ पाहत असे. मंडळ स्थापन झाले तेव्हा एंजल पाच होते आणि नवे धंदे काढणारी मुले-मुली ढिगाने होती. दर महिन्याला मंडळाच्या सभागृहात बैठक भरे. भांडवल देणाऱ्यांनी पुढच्या रांगेत गादीच्या खुर्च्यांवर बसायचे, त्यांना चहा आणि दोन प्रकारची बिस्किटे. भांडवल मागणाऱ्यांनी समोर उभे राहून बोलायचे, त्यांना पाणी. (जिन्याजवळ, नळाचे.) मुले हुशार होती. ही व्यवस्था त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ज्याचा धंदा बुडे तो अनुभवी ठरे, आणि जो अनुभवी ठरे त्याला मंडळाचे सदस्यत्व मिळे. एकेक करून सगळे उभ्याचे बसते झाले. मंडळाच्या अहवालात याची नोंद अशी आहे: 'एंजलांच्या संख्येत भरघोस वाढ, स्टार्टअपांच्या संख्येत पूर्ण स्थैर्य.' स्थैर्य म्हणजे शून्य. शून्याइतकी स्थिर राहणारी दुसरी संख्या गणितात नाही.

हे असेच सुखाने चालले असते. पण वरच्या कार्यालयाने कळवले, की सभागृह आणि बिस्किटे यांचे अनुदान पुढे चालू ठेवायचे तर पाहणीच्या दिवशी किमान एक जिवंत स्टार्टअप दाखवावा लागेल. मंडळात एकच धांदल उडाली. सदस्य गल्लोगल्ली हिंडू लागले. एकाने आपल्याच ड्रायव्हरला विचारले. तो म्हणाला, साहेब, मला नोकरी आहे. कॉलेजच्या फाटकाशी 'काही कल्पना आहे का?' असे कोणी हळूच विचारले, तर मुले रस्ता ओलांडून पळत. पूर्वी आया मुलांना सांगत, अनोळखी माणसाने गोळी दिली तर घ्यायची नाही. आता सांगू लागल्या, अनोळखी माणसाने भांडवल दिले तर घ्यायचे नाही.

अशा बिकट प्रसंगी मंडळाच्या अध्यक्षांच्या बॅगेची चेन अडली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते.

चेनवालीचे दुकान एका जिन्याखाली होते. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागे, त्यामुळे गिऱ्हाईक आपोआप नम्र होई. एका भिंतीला लहान लहान खणांचे कपाट, त्यात मापाप्रमाणे चेनचे सरकते रनर लावलेले: शाळेच्या दप्तरांचे, पँटींचे, जॅकेटांचे. दाराशी स्टुलावर सासूबाई बसत. जुन्या बॅगांचे चांगले रनर सोडवून ठेवणे आणि घट्ट झालेल्या चेनवर मेणबत्तीचे बूड घासणे ही दोन कामे त्यांची. आणि गिऱ्हाइकाची चौकशी करणे हे तिसरे. मशीन सासऱ्यांच्या वेळचे. पातळ कापडावर ते अजून गाणे म्हटल्यासारखे चाले, पण चामड्याची सुटकेस किंवा तंबूचे कापड पुढ्यात आले की सुई मोडे. म्हणून चेनवालीला जाड कामाला नाही म्हणावे लागे. माणूस आपली सुटकेस उचलून जिन्याखालून वाकून बाहेर पडे तेव्हा ती त्याच्या पाठीकडे पाहत राही. तिला आयुष्यात फार काही नको होते. जाड कामाचे मशीन हवे होते. त्यासाठी बाजूला काढलेले पैसे एकदा नवऱ्याच्या गुडघ्यात गेले होते आणि एकदा नणंदेच्या लग्नात.

डॉक्टरांनी बॅग पुढे केली आणि सवयीने आधी 'आ करा' असे म्हटले. मग त्यांची नजर दुकानभर फिरली.

"हे कधीपासून करता तुम्ही?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. वीस वर्षं झाली."

"म्हणजे अजून सुरुवातीचाच टप्पा," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "आणि तुमचं ध्येय काय आहे?"

"जाड कामाचं मशीन."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे काय? जाड काम."

इतकी स्वच्छ दृष्टी डॉक्टरांनी कोणत्याच बैठकीत ऐकली नव्हती. त्यांनी खिशातली वही काढून उत्तर टिपून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ध्येयाचं राहू दे. रनर बदलायचा की अख्खी चेन, ते बोला."

मशीन मिळेल, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणून चेनवाली मंडळासमोर उभी राहिली. नाहीतर ती शेजारच्या लग्नातही फोटोला उभी राहत नसे. पुढच्या रांगेत ओळखपत्रांची माळच लागली होती. पहिला प्रश्न मंडळाचे एक सदस्य, फर्निचरवाले, यांनी विचारला: तोटा किती? ती म्हणाली, तोटा नाही. सभागृहात असे सामसूम झाले, की बिस्किट मोडल्याचा आवाज ऐकू आला. फर्निचरवाल्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि तिला धीर दिला, की लाजू नका, आम्ही घरचेच आहोत, अंगावरचे दुखणे आणि धंद्यातला तोटा लपवू नये. चेनवाली ओशाळली. ती म्हणाली, खरेच नाही हो, पण प्रयत्न करीन. एवढ्या प्रांजळपणावर मंडळ खूश झाले आणि गुंतवणूक मंजूर झाली.

करारनाम्यातील प्रमुख अटी पुढीलप्रमाणे होत्या:

संस्थापकाने धोरण ठरवावे, हाताने काम करू नये. (हाताने काम केल्यास संस्थापक आणि कारागीर यांत गोंधळ होतो.)

प्रत्येक एंजलास दर आठवड्याला संस्थापकास मार्गदर्शन करण्याचा अबाधित हक्क राहील. (एंजल एकतीस होते. आठवडा एकच होता.)

भांडवल टप्प्याटप्प्याने देण्यात येईल. मशीन चौथ्या टप्प्यात.

तत्पूर्वी मशीनला मशीन न म्हणता 'क्षमता' म्हणावे.

चेनवालीने तिसरी अट तेवढी नीट वाचली, बोट ठेवून. चौथ्या टप्प्यात का होईना, मशीन आहे. तिने सही केली.

पहिल्या टप्प्यात पाटी आली. नुसत्या चेनचे चित्र कोत्या वृत्तीचे दिसते, म्हणून चेनमधून एक पाखरू उडताना दाखवले होते. दुसऱ्याच दिवशी एक बाई आजारी पोपट घेऊन आल्या. हा पक्ष्यांचा दवाखाना नाही, हे त्यांना कसे सांगावे याचा विचार चेनवाली करत होती, तेवढ्यात सासूबाईंनी पोपटाला भिजवलेली डाळ घातली, आणि तो बरा होऊन त्यांना शिव्या देऊ लागला. मंडळाने 'नव्या बाजारपेठेत यशस्वी प्रवेश' अशी नोंद केली.

दुसऱ्या टप्प्यात सासूबाईंचे स्टूल जाऊन तिथे एक मऊ, बिनपायाचे बसायचे गाठोडे आले. तरुण कंपन्यांमध्ये असेच असते, असे कळले. सासूबाई त्यात बसल्या त्या बसल्याच. त्यांना वर काढायला दोन एंजल आणि एक गिऱ्हाईक लागले. "पडायला एकटी आणि उठवायला गाव," असे त्या म्हणाल्या. अहवालात याला 'सामूहिक कार्यशैली' म्हटले आहे.

तिसऱ्या टप्प्यात गिऱ्हाइकाचा अभ्यास सुरू झाला. पूर्वी माणूस पँट टाके आणि म्हणे, संध्याकाळी नेतो. आता त्याला आधी सांगावे लागे, की चेन तुटली तेव्हा त्याला नेमके काय वाटले. बहुतेकांना नेमके जे वाटले होते ते बायकांसमोर सांगण्यासारखे नव्हते.

या सगळ्याच्या जोडीला मार्गदर्शन चालूच होते. मार्गदर्शनात मंडळाने कधी हात आखडता घेतला नाही. डॉक्टरांचे मत पडले, की लोक चेन तुटल्यावर येतात हाच मुळात अडाणीपणा. दर सहा महिन्यांनी चेन दाखवून जायची सवय लोकांना लावली पाहिजे. फर्निचरवाल्यांच्या मते जिना आडवा येत होता. ('जिना काढता येईल का?' असे त्यांनी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही विचारून पाहिले.) आणि सर्वांत मोलाचे मार्गदर्शन पिव्हटचे. पिव्हट हे त्याचे टोपणनाव. धंदा बदलण्याला स्टार्टअपवाले पिव्हट म्हणतात, आणि याने तो इतक्यांदा बदलला होता, की त्याचे खरे नाव त्याच्या सासुरवाडीलाही आठवत नसे. तो आधी घरोघरी फळे पोचवी, मग फळांचा रस, मग फळांविषयी सल्ला, आणि अखेर फळे गळून नुसता सल्ला उरला. तो दुकानात मान वाकवून शिरला, सगळे नीट पाहिले आणि म्हणाला, "तुमची खरी अडचण माहितीये का, मॅडम? चेन. चेन काढून टाका, मग बघा कंपनी कशी पळते."

सासूबाई गाठोड्यातून म्हणाल्या, "पँटच पळेल हो खाली. कंपनीचं मला ठाऊक नाही."

 चेनवाली मात्र मान डोलावी आणि मनात टप्पे मोजी. इकडे शिवायचे कपडे मशीनवर साचत चालले होते. कपड्यांखाली मशीन दिसेनासे झाले, मग खणांचे कपाट. दारावर पाटी असे: 'संस्थापक मार्गदर्शन घेत आहेत.' पोस्टमन चार वेळा येऊन गेला. त्याच्या झोळीची चेन तुटली होती आणि तो लोकांची पत्रे छातीशी धरून वाटत फिरत होता. शाळेतल्या बाई आल्या.  बिचाऱ्या जॅकेटला लावलेल्या पाच टाचण्या दाखवून गेल्या. पूर्वी अशा वेळी चेनवालीने हातातला घास ठेवून काम केले असते. आता ती म्हणे, चौथा टप्पा झाला की सगळ्यांचेच करते. गिऱ्हाइके काही दिवस थांबली, मग कुठेतरी गेली. जाड कामाची तर कधीच गेली होती, आता पातळ कामाचीही गेली. ज्या तोट्याबद्दल तिला सभागृहात ओशाळायला झाले होते, तो आता व्यवस्थित होऊ लागला. मंडळाने पेढे वाटावेत तशा उत्साहाने त्याचा आलेख काढून भिंतीला लावला.

मग पाहणीचा दिवस आला. वरचे साहेब मोटारीतून उतरले. त्यांच्या हातात एक जाड चामड्याची बॅग होती, तिच्यात त्यांचे भाषण होते, आणि व्यासपीठावर चढल्यावर असे आढळून आले, की बॅगेची चेन अडली आहे.

साहेबांनी ओढून पाहिले. मग शिपायाने ओढून पाहिले. मग मंडळाने तिथेच तातडीची बैठक घेतली. डॉक्टरांनी चेनच्या फटीत टॉर्चचा प्रकाश टाकून पाहिला. फर्निचरवाले म्हणाले, टेबल बदलून पाहा. एका ज्येष्ठ सदस्याने बॅगेला तिचे ध्येय विचारावे असे सुचवले. (सूचना पुढील बैठकीसाठी राखून ठेवण्यात आली.) चेनवाली पहिल्या रांगेच्या मागे उभी होती. रनरच्या खाली अस्तराचा धागा अडकला आहे, हे कुणालाही दिसले असते. तो ओढून काढला की झाले. कुडत्याच्या खिशात तिची छोटी पक्कड होती, कारण अट असली तरी खिशाची सवय जात नाही. तिचा हात खिशात गेला.

पिव्हट शेजारीच होता. तो कानाशी हळूच म्हणाला, "कलम आठवा, मॅडम. हात लावलात तर चौथा टप्पा गेला."

तिने हात खिशातच ठेवला. पकडीची मूठ तिने इतकी घट्ट धरली, की तळव्यावर वळ उठला.

साहेबांनी भाषण न बघता केले. ते नेहमीसारखेच झाले. फरक कुणाला कळला नाही, साहेबांनाही नाही. शेवटी त्यांनी जिवंत स्टार्टअप कुठे आहे असे विचारले, तेव्हा चेनवालीला पुढे केले गेले. तुम्ही काय करता? ती म्हणाली, धोरण ठरवते. साहेब प्रसन्न झाले. चेन दुरुस्तीची कंपनी, समोर अडलेली चेन, आणि तरीही संस्थापकाने स्वतः हात लावला नाही, ही परिपक्वता त्यांनी आजवर फक्त फार मोठ्या कंपन्यांत पाहिली होती. त्यांनी तिथल्या तिथे दोन घोषणा केल्या. एक, चेनवालीला प्रमाणपत्र. दोन, एका स्टार्टअपमागे फक्त एकतीस एंजल हे प्रमाण अपुरे असल्याने, चौथ्या टप्प्याचे भांडवल नवे एंजल घडवण्याच्या कामी वळवण्यात येत आहे.

टाळ्या झाल्या. चेनवालीनेही वाजवल्या, एकटी हात बांधून उभी राहिली असती तर वाईट दिसले असते.

घरी आल्यावर तिने प्रमाणपत्र ओट्यावर ठेवले आणि ती खाली फरशीवर बसली. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी प्रमाणपत्राकडे एकदा पाहिले आणि त्यांना सगळे कळले.

"आई, मशीन गेलं," ती म्हणाली.

"आलं कुठे होतं जायला?" सासूबाई म्हणाल्या. "रडू नकोस. मला सांग, त्या हॉलमध्ये सल्ला कुणाला मिळतो?"

"मला."

"आणि कुणाला मिळत नाही?"

चेनवालीने विचार केला. "जे देतात त्यांना."

"आणि पैसे देताना त्यांना कोणी टप्पे विचारतं?"

"छे. त्यांना कोण विचारणार?"

"मग बाई, तू चुकीच्या बाजूला उभी राहिलीस," सासूबाई म्हणाल्या आणि खराब शेंग काढून बाजूला टाकली.

दुसऱ्या दिवशी चेनवालीने सदस्यत्वासाठी अर्ज केला. पात्रता काटेकोर होती: अर्जदाराचा स्वतःचा स्टार्टअप बुडालेला असावा. डॉक्टर, फर्निचरवाले आणि पिव्हट यांनी जिन्याखाली जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. गिऱ्हाईक नाही, काम नाही, पाखराची पाटी एका खिळ्यावर लोंबते आहे. तिघांचे डोळे पाणावले. इतक्या कमी वेळात इतका संपूर्ण अनुभव यापूर्वी कुणीच मिळवला नव्हता. एकमताने ठराव झाला, ओळखपत्र गळ्यात पडले आणि ज्या खुर्चीसमोर ती उभी राहिली होती तीच तिला बसायला मिळाली. बिस्किटे खरोखरच दोन प्रकारची होती.

नव्या एंजलाने वर्षाच्या आत एका तरी संस्थापकाला हात दिला पाहिजे, आणि त्याचे पैसे नवे एंजल घडवण्यासाठी वळवलेल्या भांडवलातून मंडळ देते, असा नियम होता. फक्त संस्थापक घरचा नसावा. चेनवालीने सासूबाईंचे नाव दिले. सासू घरची धरावी की परकी, हा प्रश्न उपसमितीकडे गेला. उपसमितीतल्या विवाहित सदस्यांनी चर्चेला नकार देऊन तात्काळ 'परकी' असा निर्णय दिला. पैसे आठवड्यात हातात आले. कोणी टप्पे विचारले नाहीत. एंजलाला टप्पे विचारणे असभ्य मानतात.

मशीन आले. ते हिरवे आहे, ठेंगणे आहे आणि चालू झाले की घरातली भांडी हलकेच थरथरतात. कंपनी कागदोपत्री सासूबाईंची. करारानुसार त्या हाताने काम करत नाहीत. चेनवर मेणबत्ती घासणे हे धोरणात मोडते. काम चेनवाली करते. संस्थापकाने हात लावू नये असे कलम आहे. एंजलाने लावू नये असे कुठेही म्हटलेले नाही, कारण तशी शंका आजवर कुणाला आली नव्हती. मार्गदर्शन करायला सगळे येऊन गेले. सासूबाईंना सल्ला ऐकू येत नाही. बाकी सगळे ऐकू येते. गल्लीच्या टोकाला कुणी कुणाला काय म्हणाले तेही. सल्ल्याला मात्र त्या कानामागे हात लावून "काय म्हणालात?" विचारतात, आणि चौथ्यांदा तेच वाक्य मोठ्याने म्हणताना मोठमोठ्या माणसांनाही ते आपले आपल्याला ऐकू येऊ लागते. पिव्हट तर मधेच थांबला, घाम पुसला आणि पाणी मागून निघून गेला. शेवटी 'मार्गदर्शनास प्रतिसाद नाही' असा शेरा मारून मंडळाने सासूबाईंचे नाव यादीतून काढले. शहरातील स्टार्टअपांची संख्या पुन्हा स्थिर झाली. मंडळ पुन्हा गल्लोगल्ली हिंडते आहे.

म्हणून आता दुकानाला पाटी नाही. ते जिन्याखालीही नाही. पोस्टमनला ठाऊक आहे, त्याने शाळेतल्या बाईंना सांगितले, त्यांनी आणखी दोघींना. लोक सुटकेसी घेऊन येतात, तंबू घेऊन येतात, आणि कुठे गेलो होतो ते मागाहून कुणाला सांगत नाहीत. चेनवाली दिवसभर जाड काम करते. एवढ्यावर मंडळाची नजर पडली नाही, तर ते असेच चालेल.

तुमच्याही घरी माळ्यावर एखादी चेन अडलेली बॅग असेल. पत्ता सांगायला काहीच हरकत नव्हती. पण हे वाचता वाचता तुमच्या मनात आलेच असेल, की तिने आधीच कुठूनतरी उसने घेऊन मशीन आणायला हवे होते. किंवा साहेबांची बॅग पटकन उघडून दिली असती तर चित्र वेगळे दिसले असते. किंवा आता एवढे बरे चालले आहे तर एक शाखा काढायला काय हरकत आहे. यांतले एक जरी मनात आले असेल, तर तुमचे ओळखपत्र तयार आहे आणि पहिल्या रांगेत तुमची खुर्ची पुसून ठेवली आहे. चहा गरम मिळेल.

पत्ता मिळणार नाही.